गावातच पोरांना कॉम्प्युटरवर संगीत शिकवायचं आहे, ऐंशी हजारांत काय काय घ्यावं?

पेटीमास्तर (लाखांदूर तालुका, जि. भंडारा)

नमस्कार मंडळी.

मी गावच्या हायस्कूलमध्ये गणित शिकवतो. शाळेची प्रार्थना, स्वागतगीत, गॅदरिंग हेही माझ्याचकडे असतं, आणि भजन मंडळात पेटी वाजवतो. आमच्याकडे दिवाळीनंतर धान घरात आलं की नाटकांचा हंगाम लागतो, तो होळीपर्यंत चालतो. वडसा इथून जवळच. नाटकाच्या रात्री आमची पोरं ऑक्टोपॅडवाल्याच्या (ऑक्टोपॅड म्हणजे काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम) आणि कीबोर्डवाल्याच्या पाठीमागे जाऊन बसतात आणि पहाटेपर्यंत हलत नाहीत. त्यातले आठ मुलगे आणि चार मुली आता माझ्या मागे लागले आहेत, की सर, कॉम्प्युटरवर म्युझिक कसं बनवतात ते शिकवा.

माजी विद्यार्थी आणि भजन मंडळ यांनी मिळून ऐंशी हजार रुपये जमवले आहेत. शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत सहा डेस्कटॉप चालू आहेत. ४ जीबी रॅम, जुनी हार्डडिस्क, सुरू व्हायलाच फार वेळ घेतात. खोलीवर टिनाचे पत्रे आहेत. लाइन दिवसातून केव्हाही जाते. इंटरनेट म्हणजे माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट.

शहरातल्या एका दुकानात चौकशी केली. त्यांनी यादी दिली: एक भारी लॅपटॉप, दोन स्टुडिओ मॉनिटर स्पीकर, कंडेन्सर माइक, भिंतीला लावायचा फोम, एक कीबोर्ड. एवढ्यातच पैसे संपतात. ही यादी बरोबर आहे का? सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं? आणि मला स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेषांवरची पाश्चात्त्य लिपी, अजिबात येत नाही, मी सारेगममधला माणूस. मला हे शिकवता येईल का, येत असेल तर सुरुवात कुठून करू?

ताई, सिंदेवाहीकडून

सर, नमस्कार. मी खैरागडला संगीत शिकले आणि आता सिंदेवाही तालुक्यात शाळा सुटल्यावर पोरांना हेच शिकवते. तुमचा प्रश्न वाचून लगेच लिहायला बसले, कारण ती यादी तुम्ही घेऊ नये असं मला मनापासून वाटतं.

ती एका माणसाच्या स्टुडिओची यादी आहे. त्यात एक जण खुर्चीवर बसेल आणि अकरा जण मागे उभे राहून बघतील. तुम्ही पेटी बघून शिकला नाहीत, भात्यावर हात ठेवून शिकलात. तेव्हा ऐंशी हजारांतला जवळपास सगळा पैसा पोरांच्या बोटांवर आणि कानांवर लावा. बाराच्या बारा जणांना एकाच वेळी काहीतरी करता आणि ऐकता आलं पाहिजे. माझ्या मते सामान निवडताना हीच कसोटी लावायची, बाकी सगळं मागाहून येऊ शकतं.

आधी तुमचे सहा डेस्कटॉप. त्यांना टाकाऊ समजू नका. १९५७ साली अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी आयबीएम ७०४ या अवाढव्य यंत्रावर प्रोग्राम लिहून संगीत तयार केलं, तेव्हा थोड्याशा आवाजासाठी त्या यंत्राला बराच वेळ गणित करत बसावं लागायचं. तुमच्या खोलीतला सगळ्यांत मंद डेस्कटॉप त्याच्या कितीतरी पट वेगवान आहे. त्याला अडवते ती हार्डडिस्क. प्रत्येकात तिच्या जागी २४० किंवा २५६ जीबीची वेगवान एसएसडी आणि आणखी ४ जीबी रॅम टाका. भाव वर-खाली होत असतात, तरी मशीनमागे साडेतीन-चार हजार धरून चाला. रॅम घेण्याआधी एक मशीन उघडून आत डीडीआर३ आहे की डीडीआर४ ते बघून घ्या, कारण एकाच्या खाचेत दुसरी बसत नाही. दोन पोरांमागे एक मशीन झालं. हे प्रमाण मला एकाला एक यापेक्षाही आवडतं. एक वाजवतो, दुसरा स्क्रीनवर बघतो, आणि दोघांत भांडून का होईना चर्चा होते.

मग मिडी कीबोर्ड. त्यातून स्वतःचा आवाज निघत नाही. कोणती कळ, किती जोरात, केव्हा दाबली आणि केव्हा सोडली एवढंच तो कॉम्प्युटरला कळवतो. प्रत्येक कळीला ० ते १२७ मधला एक आकडा असतो. मधल्या सप्तकातली पांढरी एक, म्हणजे पहिली पांढरी कळ, ६०, काळी एक ६१, याच क्रमाने पुढे. मिडीची ही पद्धत १९८३ सालापासून ठरलेली आहे आणि आजही चालते, म्हणून जुना, वापरलेला कीबोर्ड मिळाला तरी हरकत नाही. मागे मिडी किंवा यूएसबीचं तोंड आहे ना, तेवढं बघा.

घेताना एक आग्रह धरा. पेटी शिकलेल्या पोरांना बारीक कळांचा, २५ कळांचा कीबोर्ड देऊ नका. स्वस्त मिळतो, पण पेटी तीन ते साडेतीन सप्तकांची असते. २५ कळांत दोनच सप्तकं बसतात, आणि बोटांना जे अंतर पाठ झालेलं असतं ते सगळं चुकतं. पूर्ण आकाराच्या ४९ कळांचे तीन घ्या. उरलेल्या तीन मशीनवर तोपर्यंत टायपिंगच्या कीबोर्डवरच सूर वाजवता येतात, एलएमएमएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती सोय आहे. त्यावर जोर मोजला जात नाही आणि एका वेळी मोजक्याच कळा ओळखल्या जातात, पण चाल बसवायला पुरे. दर तासाला जोड्या बदला.

आता या कीबोर्डबद्दलची खरी गोष्ट, जी दुकानात कोणी सांगणार नाही. पेटीवर कळ जोरात दाबा की हळू, आवाज किती मोठा हे ठरवतो तो भाता. मिडी कीबोर्डवर बोटाचा जोर मोजला जातो. त्यामुळे पेटीवाली पोरं सुरुवातीला सगळे सूर एकाच जोराने वाजवतात आणि ऐकायला निर्जीव वाटतं. त्यावर मला सापडलेला उपाय असा: ताणून धरायचा आवाज निवडायचा, म्हणजे बासरी, व्हायोलिन किंवा रीड ऑर्गनसारखा, आणि कीबोर्डवरची सरकपट्टी किंवा डाव्या बाजूचं चाक त्या वाद्याच्या आवाजाला जोडून द्यायचं. उजवा हात सुरांवर, डावा हात चाकावर. ज्या पोराने भाता मारला आहे त्याचा डावा हात आपोआप श्वास घेऊ लागतो. शहरातल्या कीबोर्ड क्लासच्या मुलांना हे शिकवायला वेळ लागतो, आपल्या पोरांच्या अंगात ते आधीच असतं. आणि शेजारचं दुसरं चाक, पिच बेंडचं, फिरवलं की पेटीवर कधीच न येणारी मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येते. साधारणपणे ते दोन अर्धस्वर वर आणि दोन अर्धस्वर खाली जातं. पहिल्यांदा मींड निघते तेव्हा पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

हेडफोन बारा घ्या. कान पूर्ण झाकणारे, बंद पाठीचे, वायरचे. एका मशीनला दोन हेडफोन लावायला साधा स्प्लिटर पुरतो. ब्लूटूथ चालणार नाही. त्यात आवाज उशिरा पोहोचतो, आणि कळ दाबल्यावर सूर मागून आला तर लय धरताच येत नाही. असाच उशीर कॉम्प्युटरमध्येही होतो. सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये बफर नावाचा आकडा असतो, म्हणजे आवाज सोडण्याआधी किती नमुने साठवायचे ते. तो १०२४ असेल तर ४४,१०० च्या सॅम्पल रेटला (सेकंदाला एवढे नमुने) नुसत्या बफरचेच २३ मिलिसेकंद जातात, २५६ केला तर साधारण ६. तुमच्या मशीनवर २५६ ला आवाज तडतडू लागला तर ५१२ वर थांबा. 

माइक एकच, आणि डायनॅमिक. कंडेन्सर नाजूक आवाजही टिपतो, म्हणून तर तो स्टुडिओत लागतो. पण आपल्याकडे मार्चपासून कूलर सुरू होतात, पावसाळ्यात टिनावर धो-धो आवाज असतो, रस्त्यावरून ट्रॅक्टर जातो. कंडेन्सर हे सगळं गाण्याइतक्याच प्रेमाने आत घेईल. शिवाय त्याला ४८ व्होल्टचा वेगळा पुरवठा लागतो. डायनॅमिक माइक तोंडाजवळ धरला की मागचं बरंचसं बाहेर राहतं. त्याच्यासाठी एक साधा, दोन तोंडांचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडायची डबी, घ्या. फोमवर एक रुपयाही घालवू नका. रेकॉर्डिंगच्या दिवशी सतरंज्या आणि गाद्या भिंतीला टेकवा, दहा मिनिटं कूलर बंद ठेवा आणि गाऊन घ्या. एप्रिल-मे मध्ये रेकॉर्डिंग सकाळी सहाला ठेवा.

मॉनिटर स्पीकर तर आत्ता नकोतच. सगळ्यांनी मिळून ऐकायचं असेल तेव्हा २६ जानेवारीला वापरता तो शाळेचा ॲम्प्लिफायर आहेच.

हिशोब जुळवून बघते. सहा मशीनचे २२-२४ हजार, तीन कीबोर्डचे २५-२७, हेडफोन आणि स्प्लिटर १३, इंटरफेस ७, माइक, वायर आणि स्टँड ५. चार-आठ हजार शिल्लक राहावेत. ते अर्थिंग आणि वायरिंगसाठी ठेवा, आणि धूळ बसू नये म्हणून कापडी खोळी शिवून घ्या.

सॉफ्टवेअर: एलएमएमएस आणि ऑडॅसिटी. दोन्ही मोफत, दोन्ही विंडोजवर आणि लिनक्सवर चालतात, आणि एकदा पेनड्राइव्हवर आणलं की इंटरनेटची गरज नाही. एलएमएमएसमध्ये चाल आणि ठेका रचायचा. माइकवरून थेट रेकॉर्ड करायची सोय त्याच्या नेहमीच्या आवृत्तीत नाही, म्हणून आवाज ऑडॅसिटीत घ्यायचा आणि तुकडा इकडे आणायचा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात ऑडॅसिटीचे धडे आहेत, ते एकदा उतरवून सगळ्या मशीनवर ठेवून द्या. कोणी महागड्या सॉफ्टवेअरची क्रॅक केलेली प्रत आणून दिली तर घेऊ नका. त्यातून व्हायरस आला तर सहाच्या सहा मशीन बसतील, आणि पोरांना शाळेतच चोरीची सवय लावणं मला पटत नाही.

स्टाफ नोटेशनची चिंता सोडा. एलएमएमएसच्या पियानो रोलमध्ये आडवे रकाने मात्रांचे आणि उभ्या पायऱ्या सुरांच्या असतात. भातखंडे लिपीत आपण मात्रांचे रकाने पाडून सूर लिहितो, ते वाचता येणाऱ्याला पियानो रोल एका बैठकीत समजतो. पहिले काही दिवस पांढरी एकचा सा धरा: सा ६०, रे ६२, ग ६४, म ६५, प ६७, ध ६९, नी ७१, वरचा सा ७२. हे आकडे गणिताच्या सरांकडून पोरं हसतखेळत पाठ करतील. मग कोणी म्हणालं की माझा गळा काळी दोनचा आहे, तर सगळे सूर निवडून तीन पायऱ्या वर सरकवायचे. पोरींसाठी हे फार मोलाचं आहे. भजन मंडळात पेटी पुरुषांच्या पट्टीत असते आणि त्या मुकाट्याने खालच्या सुरात गातात. इथे त्यांना आपली पट्टी आपल्या हाताने मिळते.

सुरुवात मी अशी करते. पहिल्या दिवशी कीबोर्ड काढायचाच नाही. ऑडॅसिटीत जनरेट मेनूत टोन आहे. तिथे २२० हर्ट्झचा सूर काढा, दुसऱ्या ट्रॅकवर ३३० चा. दोन्हीचा ॲम्प्लिट्यूड (आवाजाचा जोर) ०.४ ठेवा, नाहीतर दोन मिळून आवाज फाटतो. हा सा आणि प, ३ ला २. ऐकून पोरं स्वतःच म्हणतात की शांत वाटतं. आता गंधार दोन प्रकारे काढा. २२० ला ५/४ ने गुणलं तर २७५ येतात, हा तंबोऱ्याच्या तारेतून ऐकू येणारा गंधार. कीबोर्डवरचा गंधार मात्र २७७.१८ असतो, कारण तिथे सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात आणि प्रत्येक पायरीला १.०५९५ ने गुणावं लागतं. हे दोन गंधार एकदम वाजवले की आवाज सेकंदाला साधारण दोनदा हेलकावे खातो. कानाला ऐकू येतं आणि दोन्ही ट्रॅक मिसळून एक केले की स्क्रीनवर दिसतंही. आमच्याकडे एका मुलीने त्याच दिवशी विचारलं, मग पेटी बेसूर आहे का? त्या प्रश्नावर आमचा अख्खा तास गेला, आणि मला तो वर्षातला सगळ्यांत चांगला तास वाटतो. तुम्ही गणिताचे शिक्षक, तुमच्या हातात हा धडा आणखी खुलेल.

दुसरा धडा खंजिरीचा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे खंजिरी आपल्या गावागावात आहे. पोरांना सांगा, मंदिरातून खंजिरी आणा आणि एकेक थाप रेकॉर्ड करा: मधली, कडेची, नुसत्या झांजांची. मधली थाप तीन-चार वेगवेगळ्या वेळची घ्या. एकच थाप पुन्हा पुन्हा लावली तर ती शिक्का मारल्यासारखी वाटते. हे तुकडे एलएमएमएसच्या ऑडिओफाइलप्रोसेसरमध्ये, म्हणजे रेकॉर्ड केलेला तुकडा वाजवणाऱ्या वाद्यात, टाकले की ठेक्याच्या खिडकीत सोळा घरं मिळतात. केहरव्याच्या आठ मात्रा, प्रत्येक मात्रेला दोन घरं, धा गे ना ति, न क धि न. दादऱ्यासाठी वरची टाइम सिग्नेचर ६/८ करा. परदेशी ड्रमचा तयार आवाज मी पहिल्या महिन्यात उघडूच देत नाही. पोरांना आधी कळावं की आपल्या मंदिरातली खंजिरीसुद्धा या यंत्रात जाते आणि तितकीच दमदार वाजते.

वेळ मात्र शाळा सुटल्यावर लगेचची ठेवा. रात्री आठला ठेवलीत तर त्या चार मुली यायच्या बंद होतील.

साउंडवाला, दर्यापूर

राजेहो, ताईनं सांगतलं थे सारं बराबर हाय, पण लायटीचं पहिलं पाहा. माही साउंड सर्व्हिस हाय, भागवत सप्ताह, लग्न, सभा, सारं करतो म्हून सांगतो.

हेडफोनात घूंऽऽ असा आवाज आला तं मशीन खराब हाय असं समजू नोका. थो ५० हर्ट्झचा हम हाय, लायनीतून येते. लॅपटॉप असन तं चार्जर काढून पाहाचं. आवाज गेला तं गोष्ट अर्थिंगचीच. शाळेत बहुतेक ठिकाणी तीन पिनचा प्लग असते पण मधातली जाडी पिन कोणी तरी तोडून ठेवते, नाहीतं बोर्डाच्या मांगं अर्थिंगची वायरच नसते. लायनमनले बलावून खड्डा करून नीट अर्थिंग करून घ्या, अन् उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी टाकत जा. माती कोरडी झाली का अर्थिंग बसते. सारे कॉम्प्युटर, इंटरफेस अन् ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावरून चालवा. कूलर दुसऱ्या बोर्डावर.

इन्व्हर्टर घ्याचा असन तं साइन वेव्हचा घ्या. स्क्वेअर वेव्हच्या स्वस्त इन्व्हर्टरवर ऑडिओत खरखर येते.

अन् हे पक्कं ध्यानात ठेवा मास्तर. शाळेच्या ॲम्प्लिफायरचा आवाज कॉम्प्युटरमदी घ्याचा असन तं मांगच्या लाइन आउटमधूनच घ्याचा. भोंग्याच्या टर्मिनलची वायर कॉम्प्युटरले कधीच लावू नोका. तिथी १०० व्होल्टची लाइन असू शकते, साउंड कार्ड जागेवर जळन. पोट्टे वायर हातात आली का लावून पाहातेत, म्हून त्या टर्मिनलवर चिकटपट्टी मारून ठेवा.

ऑक्टोपॅडवाला, आरमोरी

सर, मी हंगामात नाटकाला ऑक्टोपॅड वाजवतो. पोरं आमच्या मागे बसतात हे तुम्ही लिहिलं, वाचून बरं वाटलं जी.

ताईंच्या ठेक्याच्या धड्यात एक भर घालतो. सॉफ्टवेअरमध्ये क्वांटाइझ नावाचं बटण असते, त्यानं प्रत्येक ठोका घराच्या बरोबर रेषेवर जाऊन बसते. पोरांना ते लय आवडते, कारण चुकलेलं सुधारल्यासारखं वाटते. पण आमच्या लावणीचा, दंडारीचा (हा इकडचा लोकनाच) झोल त्या रेषेच्या थोडा मागं-पुढं असते. सगळं रेषेवर बसवलं का नाचणाऱ्याचे पाय उचलत नाही. पोरांना आधी हातानं टाळी देत ठेका म्हणायला लावा, मग ऑक्टोपॅडवर वाजवून रेकॉर्ड करा, आणि जिथं खरंच हात घसरला तेवढाच ठोका हलवा. सगळा निवडून एकदम क्वांटाइझ करायला मी तरी नाही सांगणार.

दुसरं म्हणजे नाटकात आम्ही नटाच्या तोंडाकडे बघून वाजवतो. त्याचा संवाद लांबला तर आमचं संगीत लांबते. कॉम्प्युटरवर बनवलेला तुकडा ठरलेल्या वेळी संपते. म्हणून पोरांना पार्श्वसंगीत लहान-लहान तुकड्यांत बनवायला शिकवा: सुरुवात, मधात फिरत राहणारा भाग आणि शेवट. मग ते आमच्यासारख्यांच्या खरंच कामात येईल.

गावात कोणी म्हणालं का हे नाटकवाल्यांचे धंदे पोरांना कशाला, तर त्यांना सांगा, २०२३ साली झाडीपट्टी रंगभूमीसाठी, म्हणजे आपल्या याच भागातल्या नाटकांसाठी, परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली आहे.

पेटीमास्तर

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, दुकानाची यादी बाजूला ठेवली. भजन मंडळातल्या मंडळींना २७५ आणि २७७ चा प्रकार माझ्या घरच्या लॅपटॉपवर ऐकवला, तर आमचे तबलावाले काका दोन वेळा परत लावायला सांगून ऐकत बसले. साउंडवाले भाऊ, खोलीतले प्लग तपासले, तुम्ही म्हणता तीच अवस्था आहे. आधी अर्थिंगच करून घेतो.

आता दोन शंका. गावातल्या एकाकडे जुना ऑक्टोपॅड आहे, तो शाळेला वापरायला देतो म्हणतो, पण त्याला यूएसबी नाही. तो कॉम्प्युटरला लागेल का? आणि मुलांनी केलेलं संगीत २६ जानेवारीच्या नाटुकल्यात वाजवावं अशी इच्छा आहे. ऐन वेळी मशीन अडकलं तर काय करायचं?

ताई, सिंदेवाहीकडून

सर, ऑक्टोपॅडच्या मागे पाच पिनांचं गोल तोंड असेल आणि त्यावर मिडी आउट लिहिलेलं असेल तर तो नक्की लागेल. यूएसबी-मिडी वायर मिळते. तिची दोन टोकं असतात, इन आणि आउट. वायरवरचं इन लिहिलेलं टोक ऑक्टोपॅडच्या आउटमध्ये लावा. बऱ्याच वायरींवर हे नाव वाद्याच्या बाजूने छापलेलं असतं, म्हणून काही आलं नाही तर टोक बदलून बघा, काही बिघडत नाही. मिडीमध्ये ड्रमच्या ठोक्यांसाठी दहावा चॅनेल वापरायची रीत आहे, त्यामुळे ऑक्टोपॅड बहुधा दहावर सेट केलेला असेल. एलएमएमएसमध्ये तोच चॅनेल निवडा. मग आठ पॅडवर पोरांनी रेकॉर्ड केलेल्या खंजिरीच्या थापा लावता येतील, आणि आरमोरीचे दादा म्हणतात तसा ठेका हाताने वाजवून घेता येईल. देणाऱ्याला एक कागद लिहून द्या, वस्तू कोणत्या स्थितीत घेतली आणि कोणाच्या जबाबदारीवर. उसन्या वाद्यावरून गावात मनं दुखावली तर पुढच्या वर्षी कोणी काही देणार नाही.

२६ जानेवारीला एलएमएमएस मंचावर उघडूच नका. प्रत्येक तुकडा आधीच वेव्ह फाइल म्हणून बाहेर काढा. ४४,१०० हर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ. मिनिटाला साधारण १० एमबी होते, म्हणजे अख्ख्या नाटुकल्याचं संगीत साध्या पेनड्राइव्हवर बसतं. फाइलींची नावं ०१, ०२ अशी प्रवेशाच्या क्रमाने द्या. एक प्रत लॅपटॉपवर, एक तुमच्या मोबाईलवर ठेवा आणि मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन प्रवेशात कोणाचा तरी फोन येईल. मोबाईलच्या हेडफोनच्या तोंडातून ॲम्प्लिफायरच्या ऑक्स किंवा लाइन इनमध्ये वायर जाते. लाइन गेली तर पेटी आणि खंजिरी शेजारी तयार असू द्या, चाल पोरांना पाठ असतेच.

तुकडे वाजवायला त्या चार मुलींपैकी एकीला बसवा. संहितेच्या प्रतीत कोणत्या वाक्याला कोणता क्रमांक हे तिने स्वतः पेन्सिलीने लिहायचं, आणि तालमीला रोज यायचं. विषयही इथलाच द्या. आमच्या पोरांनी मागे धानाच्या बांधीतली पावसाळी रात्र केली होती. बेडूक बांधावर जाऊन मोबाईलवर टिपले, पाऊस शाळेच्या टिनावरचा घेतला, आणि खाली नुसता सा-प धरून ठेवला होता.

अर्थिंग झालं की इथे कळवा. एसएसडी घेताना डेस्कटॉपच्या आत डिस्क जोडायची साटाची मोकळी वायर आहे का तेही बघून ठेवा, नाहीतर दुकानातून परत एक खेप होते.